निवाऱ्याचे कायदेपंडित : चार्ल्स अब्राम्स

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन गरजा आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. पैकी अन्नवस्त्राची उणीव दानधर्माने काही अंशी भरून निघते. परंतु घर हे भूमीवर उभे राहते, आणि भूमीला मालक असतो. म्हणून गरिबाच्या घराचा प्रश्न केवळ दयाबुद्धीने सुटत नाही. तो अखेरीस कायद्याच्या दारी येतो. हे सत्य ओळखून ज्यांनी आपली वकिली या एका प्रश्नास वाहिली, त्या चार्ल्स अब्राम्स यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. ते परदेशातले व परधर्माचे खरे. तथापि शहरात घरासाठी वणवण केलेल्या कोणत्याही कुटुंबास ते परके वाटणार नाहीत.

अब्राम्स यांचा जन्म १९०२ साली, त्या काळी रशियन साम्राज्यात मोडणाऱ्या विल्ना शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. ते अवघे दोन वर्षांचे असताना आईवडिलांनी देशत्याग करून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बिऱ्हाड केले. घरची स्थिती बेताची होती. मुलाने रस्त्यावरचे दिवे लावण्याचे काम केले, तारा पोहोचविल्या, आणि असे कष्ट करीतच ब्रुकलिन लॉ स्कूलमधून कायद्याची पदवी मिळविली. पुढे वकिलीबरोबर घरे व जमिनी यांच्या व्यवहारातही त्यांनी हात घातला आणि थोड्याच वर्षांत चांगली संपत्ती जोडली. जमिनीचा भाव कसा चढतो व भाडेकरूचा जीव कसा मेटाकुटीस येतो, या दोन्ही गोष्टी त्यांनी अशा प्रकारे आतून पाहिल्या होत्या. हा अनुभव पुढे त्यांच्या फार कामी आला.

१९२९ साली अमेरिकेत मंदीचा वणवा पेटला. न्यूयॉर्कच्या पूर्वभागातील जुनाट चाळींतून, जेथे उजेड नाही व हवा नाही अशा खोल्यांत, हजारो कुटुंबे दाटीने राहात होती. खाजगी मालकांस त्यांच्यासाठी नवी घरे बांधणे परवडत नव्हते, आणि सरकारने बांधावीत तर तसा कायदा नव्हता. अशा वेळी नगरपालिकांना स्वतंत्र गृहनिर्माण मंडळे स्थापन करता यावीत म्हणून जो कायदा न्यूयॉर्क राज्यात १९३४ साली झाला, त्याच्या मसुद्यात अब्राम्स यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी महापौर ला गार्डिया यांच्या कारकीर्दीत न्यूयॉर्क शहराचे गृहनिर्माण मंडळ अस्तित्वात आले, आणि मंडळाचे पहिले वकील म्हणून अब्राम्स यांची नेमणूक झाली.

खरी कसोटी पुढेच होती. मंडळाने आपल्या पहिल्या वसाहतीसाठी जी जागा निवडली, तिच्यातील दोन चाळींचे मालक म्युलर यांनी विक्रीस साफ नकार दिला. मंडळाने सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग धरताच त्यांनी न्यायालयात हरकत घेतली. त्यांचे म्हणणे सरळ होते : रस्ता सर्वांचा असतो, पूल सर्वांचा असतो, पण घरात थोडीच माणसे राहणार, मग यास सार्वजनिक उपयोग कसे म्हणावे? हा आक्षेप पोकळ नव्हता. १९३५ सालीच लुईव्हिल येथील प्रकरणात न्यायालयाने मध्यवर्ती सरकारला घरबांधणीसाठी अशी जमीन घेण्याचा अधिकार नाकारला होता.

अब्राम्स यांनी मालकाच्या हक्काची हेटाळणी न करता सार्वजनिक या शब्दाचाच अर्थ उलगडून दाखविला. गलिच्छ वस्तीत क्षय व गुन्हे बळावतात, त्यांचा उपद्रव साऱ्या नगराला होतो, आणि त्यांचा खर्च साऱ्या करदात्यांवर पडतो. तेव्हा ती वस्ती दूर करण्यात नगराचेच हित आहे, ही विचारसरणी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९३६ मध्ये मान्य केली. या निकालाने गरिबांच्या घरांसाठी जमीन घेण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि इतर राज्यांनाही तो मार्गदर्शक ठरला. फर्स्ट हाउसेस या नावाने ती पहिली वसाहत प्रसिद्ध आहे. १९३७ साली अब्राम्स यांनी मंडळाचे पद सोडले.

परंतु जे शस्त्र आपण घडवावे ते दुसऱ्याच्या हाती गेले म्हणजे काय होते, हेही त्यांना याच जन्मी पाहावे लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एका बलाढ्य विमा कंपनीने शहराच्या साहाय्याने स्टायव्हेसंट टाउन ही ८,७५५ घरांची वसाहत उभारण्याचे ठरविले. जमीन सक्तीने घेतली गेली, करांत सवलत मिळाली, सुमारे ३ हजार गरीब कुटुंबांना तेथून उठावे लागले. आणि कंपनीने मात्र कृष्णवर्णीयांना तेथे घर मिळणार नाही असे उघड सांगितले. सार्वजनिक हिताच्या नावाने घेतलेल्या भूमीवर जनतेच्याच एका भागाला दार बंद झाले! युद्धात लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या बाजूने अब्राम्स न्यायालयात उभे राहिले. १९४९ साली ४ विरुद्ध ३ अशा मतांनी ते हरले. पुढच्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दाद घेण्याचे नाकारले. तथापि त्या लढ्याने लोकमत जागे झाले, आणि १९५१ साली शहराला अशा वसाहतींतील भेदभाव बंद करणारा कायदा करावा लागला.

पुढे ते राज्याचे भाडेनियंत्रण अधिकारी व भेदभावविरोधी आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फॉरबिडन नेबर्स’ या ग्रंथात त्यांनी घरांच्या बाबतीतील वर्णभेदाचा समाचार घेतला. घर पाडलेल्यास दुसरे घर मिळण्याची सोय नसेल, तर चाळी जमीनदोस्त करणे हा उपकार नव्हे, असेही ते बजावू लागले.

संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांना अनेक देशांत पाठविले. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की खेडूत मातीच्या भिंती आपल्या हातांनी उभारतो, पण छपरापाशी त्याचा पैसा संपतो. म्हणून त्यांनी सबंध घराऐवजी केवळ छपरासाठी, गावाच्या संस्थेमार्फत, कर्ज देण्याची योजना सुचविली. किती साधी गोष्ट, पण ती सुचण्यास गरिबाचे घर आतून पाहिलेले असावे लागते! तुर्कस्तानात त्यांच्या शिफारशीतून अंकारा येथील तंत्रविद्यापीठाची स्थापना १९५६ साली झाली. घाना व सिंगापूर येथे त्यांचे सहकारी होते ऑटो कोनिग्सबर्गर. भुवनेश्वर नगराचा आराखडा करणारे व स्वतंत्र भारताच्या गृहनिर्माण खात्याची धुरा वाहिलेले हेच ते गृहस्थ.

१९६८ साली अमेरिकेत घरविक्रीत व भाड्यात भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा झाला. तो पाहून, २२ फेब्रुवारी १९७० रोजी अब्राम्स यांनी न्यूयॉर्क येथे इहलोकीची यात्रा संपविली.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे बांधली, घरे उभारली. स्वतःच्या कष्टाच्या वर्गणीतून आपल्या मुलांची सोय पाहिली, हे भूषणावहच आहे. परंतु जेथे जमीन सरकारची, सवलत जनतेची, तेथे दाराशी येणाऱ्यास जात विचारावी काय, याचा विचार आपणही केला पाहिजे. आपल्यातील जी मुले-मुली आज कायद्याचा अभ्यास करीत आहेत, त्यांनी दार उघडून देणाऱ्या अब्राम्सांचे स्मरण ठेवावेच. पण उघडलेले दार पुन्हा कोणावर लोटले जाऊ नये म्हणून तेथेच पहारा देत उभ्या राहिलेल्या अब्राम्सांचे स्मरण अधिक ठेवावे. इत्यलम्.