ग्रंथ हाच गुरू : श्रीनिवास रामानुजन

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीकाठचे मंदिरांचे नगर होय. तेथील सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका लहान घरात श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी आजोळी, इरोड येथे झाला. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. घरची परिस्थिती बेताचीच होती.

टाउन हायस्कूलमध्ये शिकत असताना एस. एल. लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक रामानुजन यांना वाचावयास मिळाले. ते त्यांनी तेराव्या वर्षाच्या सुमारास आत्मसात केले. पुढे १९०३ मध्ये जी. एस. कार यांचा गणितावरील ग्रंथ त्यांच्या हाती आला. कार हे थोर गणितज्ञ नव्हते. परीक्षार्थींना खाजगी शिकवणी देणारे ते एक शिक्षक होते. त्यांच्या ग्रंथात सुमारे ५००० सूत्रे व सिद्धांत क्रमाने दिले होते. सिद्धता मात्र त्रोटक होत्या किंवा नव्हत्याच. ही उणीवच रामानुजन यांना वरदान ठरली. प्रत्येक सूत्र ते स्वतः सिद्ध करू लागले आणि त्यातून त्यांना नवी सूत्रे सुचू लागली. कागद महाग असल्याने ते पाटीवर आकडेमोड करीत आणि केवळ निष्कर्ष वहीत उतरवीत.

या ध्यासाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात मिळालेली शिष्यवृत्ती इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गेली. पुढे मद्रासमध्येही ते परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. पदवीअभावी नोकरी मिळेना. अखेर १९१२ मध्ये मद्रास बंदराच्या कार्यालयात ते दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले.

१९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहून आपली सूत्रे कळविली. कार यांच्या ग्रंथाप्रमाणेच त्या पत्रातही सिद्धता नव्हत्या; शिवाय काही निष्कर्ष युरोपात पूर्वीच ज्ञात होते. तरीही हार्डींनी त्यांची प्रतिभा ओळखली. १९१४ मध्ये रामानुजन केंब्रिजला गेले आणि काटेकोर सिद्धतेची आधुनिक रीत तेथे शिकले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

२६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या वह्यांतील सूत्रांच्या सिद्धता शोधण्यात पुढे गणितज्ञांची अनेक दशके गेली. कार यांचे नाव आज स्मरणात आहे, ते मुख्यतः या एका वाचकामुळे. ग्रंथ वाचकाला घडवितो, हे खरे. परंतु ग्रंथाने मोकळी सोडलेली जागा वाचकाने स्वतःच्या श्रमाने भरावी लागते.