दैव, कर्तृत्व आणि जमीन

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी, १५ ऑक्टोबर १९०२ रोजी भाऊराव गायकवाड यांचा जन्म झाला. महार कुटुंबात जन्मणे ही काही त्यांची निवड नव्हती; परंतु पाणवठा, देऊळ आणि जमीन यांवरील अधिकार त्या काळी जन्मानेच ठरत असे. जी गोष्ट माणसाच्या हाती नाही, तिचा भार त्याने आयुष्यभर का वाहावा, हाच पुढे दादासाहेब म्हणून ओळखल्या गेलेल्या या नेत्याच्या जीवनाचा मूळ प्रश्न होता.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची नाशिकमधील धुरा प्रामुख्याने गायकवाडांनी वाहिली. वर्षे लोटली, पण दार उघडले नाही. १९३५ साली येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि मंदिरप्रवेशाचे पर्व संपले.

जमिनीचा प्रश्न मात्र उरलाच. १९४८ चा कूळकायदा आणि त्यातील १९५६ ची दुरुस्ती यांमुळे कसणारे कूळ जमिनीचे मालक होऊ शकले. न्यायाच्या दिशेने ते मोठेच पाऊल होते. तथापि, ज्याची कूळ म्हणूनही नोंद नव्हती, त्या शेतमजुराच्या पदरी त्यातून काहीच पडले नाही. घाम त्यानेही गाळला होता. कागदावर तेवढे त्याचे नाव नव्हते.

१९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेलेल्या दादासाहेबांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला आणि डिसेंबर १९६४ पासून तो देशव्यापी केला. लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना कसावयास द्या, ही त्यांची प्रमुख मागणी होती.

ज्याने कष्टाने मिळविले त्याचे त्याला लाभू द्यावे, हा आक्षेप अशा वेळी हटकून घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु ज्याला पेरावयास वीतभर जमीन नाही, त्याच्या आळसाची वा उद्यमशीलतेची परीक्षा घ्यावयाची तरी कशी? शिवाय सत्याग्रहींनी फुकटचे धान्य मागितले नव्हते. कसण्याची जबाबदारी आणि तिच्याबरोबर येणारी नफानुकसानीची जोखीम, हीच त्यांनी मागून घेतली होती.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब निवर्तले. त्याच वर्षी अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा न्यायविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. जन्माचा योगायोग हा वाट्याचा नैतिक आधार होऊ शकत नाही, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. दादासाहेबांचे जीवन याच्याही पुढचे काही सांगते. ज्याला आपण दैव म्हणतो, ते पुष्कळदा माणसांनीच केलेल्या रूढींचे आणि नोंदींचे फळ असते. म्हणूनच त्याचे परिमार्जन ही दया नसून समाजाचे ऋण आहे. व्यक्तीकडे जबाबदारीचा हिशेब मागण्याचा अधिकार समाजाला ते ऋण फेडल्यानंतरच प्राप्त होतो.