गार पाण्यातला पहिला विजेता

डॅन्यूब नदीत वडील बुडाले तेव्हा बुडापेस्टचा आर्नोल्ड गुटमान १३ वर्षांचा होता. त्यानंतर त्याने उत्तम पोहायला शिकायचेच, असे ठरवले. १८७८ मध्ये जन्मलेला हा मुलगा आल्फ्रेड हायोश या नावाने स्पर्धांत उतरू लागला. हंगेरियन भाषेत हायोश म्हणजे खलाशी.

१८९६ मध्ये अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा हायोश वास्तुकलेचा १८ वर्षांचा विद्यार्थी होता. शर्यतींसाठी तलाव नव्हता. पिरियसजवळ झीआच्या खाडीत, समुद्रातच पोहायचे होते. ११ एप्रिलच्या त्या दिवशी लाटा उसळत होत्या आणि पाण्याचे तापमान होते जेमतेम १३ अंश सेल्सिअस.

१३ अंशांची हवा अंगावर स्वेटर असेल तर सोसते. पाण्याचे तसे नाही. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. गार पाण्यात पडताच माणूस नकळत जोराने श्वास आत घेतो, धाप लागते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. हा धक्का दोन-तीन मिनिटांत ओसरतो. म्हणून अचानक गार पाण्यात पडल्यास लगेच हातपाय मारू नयेत. श्वास ताब्यात येईपर्यंत पाठीवर तरंगत राहावे. पुढचा धोका स्नायूंचा. साधारण अर्ध्या तासाच्या आत हातपाय गारठून नीट चालेनासे होतात. शरीराचे आतले तापमान घातक पातळीला उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे थंडीने जीव जाण्याआधीच अनेक जण बुडतात.

हायोशने १०० मीटर अंतर १ मिनिट २२.२ सेकंदांत कापले आणि शर्यत जिंकली. म्हणजे ही सारी शर्यत त्या पहिल्या धक्क्याच्या काळातच पार पडली. १२०० मीटरची शर्यत अधिक जीवघेणी होती. स्पर्धकांना नावेतून खोल समुद्रात सोडले जाई आणि त्यांनी पोहत किनारा गाठायचा. हायोशने अंगाला अर्धा इंच जाडीचा चरबीचा थर फासला होता. अशा लेपाने थंडी फारशी अडत नाही, हे आता माहीत आहे. तो १८ मिनिटे २२.२ सेकंद पाण्यात होता. म्हणजे हातपाय गारठू लागतात नेमक्या त्याच वेळात. लाटांमध्ये त्याला विजयापेक्षा जिवाचीच काळजी जास्त वाटली. तरी हीही शर्यत त्याने जिंकली. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाला रौप्यपदक दिले जाई.

पुढे तो फुटबॉल खेळला. १९०२ मध्ये हंगेरीच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यातही तो होता. पोटापाण्याचा व्यवसाय मात्र वास्तुविशारदाचा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलास्पर्धाही होत्या. देझ्यो लाउबरसह केलेल्या क्रीडांगणाच्या आराखड्याला तिथे रौप्यपदक मिळाले. त्या गटात सुवर्ण कोणालाच दिले गेले नाही.

१९३० मध्ये बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावर त्याने आखलेला बंदिस्त जलतरण तलाव उभा राहिला. वडिलांना नेणाऱ्या डॅन्यूबच्याच पात्रातले हे बेट. पण तलावात ना प्रवाह, ना लाटा. खोली ठाऊक असते आणि हात द्यायला काठ जवळ असतो. पोहणे अशाच ठिकाणी शिकावे. हायोश १९५५ मध्ये वारला. तलावाला आता त्याचे नाव आहे.