भिंतीवाचूनचा तुरुंग आणि औंधचे राजे

शिक्षा भोगून सुटलेल्या माणसास ठाव कोठे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकापेक्षा खेड्याच्या वेशीवर अधिक तीव्रतेने उभा राहतो. शिरूर-दौंडकडील आमच्या वाचकांनी आपल्याच पंचक्रोशीकडे पाहावे. भीमेकाठच्या मांडवगण फराट्यासारख्या गावी एखादा मनुष्य येरवड्याहून सुटून परतला, तर सरकारदरबारी त्याचे देणे फिटलेले असते. परंतु त्यास कामावर घेताना मालक कचरतो, मुलीची सोयरीक जुळविताना पाहुणे मागे फिरतात, आणि गावात चोरी झाली की पहिली नजर त्याच्याच दाराकडे वळते. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा मुदतीची, गावाने दिलेली बेमुदत! या प्रश्नास ज्या एका मराठी संस्थानिकाने कृतीने उत्तर दिले, त्याचे चरित्र आज सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 सालचा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेले हे गृहस्थ 1909 साली औंधच्या गादीवर आले. संस्थान अवघे 72 गावांचे, आणि तीही सलग नव्हेत. काही साताऱ्याकडे, काही आटपाडी-कुंडलकडे, तर काही थेट विजापुराकडे विखुरलेली. मुलूख दुष्काळी, उत्पन्न बेताचे. राजेसाहेब स्वतः चित्रकार, कीर्तनाची आवड असलेले, आणि सूर्यनमस्कारांचे तर अहर्निश प्रचारक. औंधच्या टेकडीवरील संग्रहालय ही त्यांच्या रसिकतेची खूण आजही उभी आहे.

माणसावर विश्वास टाकण्याची त्यांची वृत्ति प्रथम उद्योगाच्या क्षेत्रात दिसली. बेळगावात जागा गमावलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी 1910 साली कुंडलनजीकच्या माळावर आसरा दिला, आणि त्या निवडुंगाच्या रानातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनीही हीच वृत्ति पुढे चालविली. दरोडेखोरीचा शिक्का बसलेल्यांच्या हाती त्यांनी वाडीचा रात्रीचा पहारा सोपविला.

राजेसाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कृत्य त्यांच्या सत्तरीनंतरचे होय. ज्या वयात सत्तेची मूठ आवळण्याकडे मनुष्याचा कल असतो, त्या वयात त्यांनी ती सैल केली. बॅरिस्टर होऊन आलेले त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब व पोलंडहून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने आणि महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने राज्यघटना तयार झाली, व जानेवारी 1939 मध्ये राजाने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. गावचा कारभार पंचायतीकडे गेला.

त्याच वर्षी आटपाडीजवळ एक वसाहत निघाली. तिचे नाव स्वतंत्रपूर. कल्पना फ्रिडमन यांची, मान्यता राजेसाहेबांची. वसाहतीस तट नव्हता. कैद्याने शेत कसावे, आपले कुटुंब जवळ ठेवावे आणि पळून न जाण्याची जबाबदारी स्वतःच वाहावी, अशी ही व्यवस्था होती. अशा प्रयोगात कैदी पळाला तर हसे राजाचेच व्हावयाचे; ब्रिटिश अधिसत्तेच्या नजरेखाली असलेल्या चिमुकल्या संस्थानास हा धोका लहान नव्हता. इकडे ब्रिटिश मुलखात काय होते? कैद्याची सुधारणा हा तुरुंगाचा हेतु असावा, हे 1919-20 च्या जेल कमिटीने मान्य केलेच होते. परंतु कारभार चालला 1894 च्या कायद्याने, ज्याचा सारा भर कोंडण्यावर व शिस्तीवर. साम्राज्याने जे अहवालात ठेवले, ते औंधने आटपाडीच्या माळावर पेरले.

1948 साली संस्थान विलीन झाले आणि 1951 साली बाळासाहेब निवर्तले. पण वसाहत मोडली नाही; ती सरकारच्या तुरुंगखात्याकडे आली व आजही चालू आहे. आटपाडी भागातच जन्मलेले व औंधात शिकलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा रचली, व्ही. शांताराम यांनी 1957 साली तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला, आणि स्वतंत्रपूरची कीर्ति बर्लिनपर्यंत गेली.

कीर्ति गेली, अनुकरण मात्र कंजूषपणे झाले. येरवडा, पैठण येथे खुली कारागृहे निघाली खरी, परंतु मध्यवर्ती तुरुंगांत दाटीवाटीने कोंडलेल्यांच्या मानाने त्यांचा लाभ मिळणारे मोजकेच. गुन्ह्याने ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्याला असा तुरुंग अन्यायाचा वाटेल, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण खुली वसाहत म्हणजे माफी नव्हे. वर्तनाने पारखलेल्या कैद्यालाच ती मिळते. उलट, वर्षानुवर्षे निर्णय घेण्याची सवयच मोडलेला मनुष्य एके सकाळी वेशीत आणून सोडणे, यात ना पीडिताचे हित आहे, ना गावाचे.

म्हणून आमचे मागणे दोन ठिकाणी आहे. सरकारने खुल्या वसाहती वाढवाव्या, व सुटकेपूर्वीची अखेरची काही वर्षे पात्र कैद्यास तेथेच काढू द्यावी. आणि गावांनी, ग्रामपंचायतींनी व साखर कारखान्यांनी सुटून आलेल्यास काम देण्याची जबाबदारी उचलावी. मांडवगणाच्या शिवारात उसाला तोडणारे हात कमी पडतात, आणि त्याच वेशीत एखाद्याचे हात केवळ जुन्या गुन्ह्यापायी रिकामे राहतात, ही विसंगति आहे. 72 गावांच्या राजास जे परवडले, ते एका समृद्ध राज्यास परवडत नाही, असे कोणी म्हणू नये.