बारावीला पाठ केलेल्या वुर्ट्झच्याच रसायनामुळे कडाक्याच्या थंडीतही गाडीचे पाइप फुटत नाहीत

वाशिम असो, कारंजा असो की रिसोड, अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या पोरांना वुर्ट्झ हे नाव ठाऊक असतंच. अल्किल हॅलाइड, सोडियम आणि कोरडं ईथर, झाली वुर्ट्झ अभिक्रिया. परीक्षेत दोन मार्क मिळतात आणि निकाल लागला की नाव विसरलं जातं.

पण या माणसाचं दुसरं एक काम आपल्याला रोज उपयोगी पडतं. वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये जे रंगीत कूलंट असतं, त्यातलं मुख्य रसायन सगळ्यात आधी यांनीच तयार केलं. आणि लेह-लडाखच्या थंडीत उभ्या राहणाऱ्या कॅम्पर व्हॅनचे पाइप ज्या रसायनामुळे शाबूत राहतात, तेही त्यांच्याच हातचं.

कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. त्यात छोटा ओटा असतो, सिंक असतं, पाण्याची टाकी, पंप आणि गिझर असतो. वाशिमला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्यात पाणी गोठायची वेळ येत नाही, त्यामुळे या पाण्याची काळजी करावी लागत नाही. पण लेहमध्ये हिवाळ्यात पारा उणे 20 च्या आसपास जातो. पाणी गोठलं की ते साधारण 9 टक्क्यांनी फुगतं. पाइपात फुगायला जागा नसते, मग पाइप तडकतो, पंप फुटतो, गिझरची टाकी चिरते. कळतं मात्र बर्फ वितळून गाडीत पाणी साचल्यावरच.

यावरचा उपाय ज्यांच्या प्रयोगशाळेतून आला, ते शार्ल अडॉल्फ वुर्ट्झ नेमके कोण होते?

पाद्र्याचा मुलगा रसायनाकडे वळला

वुर्ट्झ यांचा जन्म 26 नोव्हेंबर 1817 चा. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहराजवळ वोल्फिसहाइम नावाचं गाव आहे, तिथे त्यांचे वडील प्रोटेस्टंट पाद्री होते. मुलानंही धर्मशास्त्र शिकावं, अशी वडिलांची इच्छा. मुलाचा ओढा रसायनशास्त्राकडे. शेवटी मधला मार्ग निघाला, तो वैद्यकीय शिक्षणाचा. त्या काळी रसायनशास्त्र शिकायचं तर वैद्यकीय महाविद्यालय हीच सोयीची जागा होती.

1839 मध्ये त्यांना स्ट्रासबर्गच्याच वैद्यकीय विद्याशाखेत रसायनाच्या प्रयोगांचं काम पाहायला नेमलं गेलं. मध्ये काही काळ ते जर्मनीत गिसेनला युस्टुस लीबिग यांच्याकडे शिकून आले. लीबिग यांची प्रयोगशाळा तेव्हा युरोपभर गाजत होती, कारण तिथे विद्यार्थी फक्त व्याख्यानं ऐकत नसत, स्वतःच्या हातानं प्रयोग करत. ही पद्धत वुर्ट्झ यांच्या मनात कायमची बसली.

1843 मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना काही थाटला नाही. 1844 मध्ये त्यांनी थेट पॅरिस गाठलं आणि ड्युमा या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम सुरू केलं.

पॅरिसमध्ये अडचण जागेची होती. वैद्यकीय शाळेत संशोधनासाठी धड प्रयोगशाळाच नव्हती. 1850 च्या सुमारास त्यांनी गारांसिएर रस्त्यावर भाड्याच्या जागेत सोबत्यांसह खासगी प्रयोगशाळा उघडली. थोड्याच काळात ते घर विकलं गेलं आणि प्रयोगशाळा गुंडाळावी लागली.

अशा ओढाताणीतही काम थांबलं नव्हतं. 1849 मध्ये त्यांना एक वायू मिळाला. वास थेट अमोनियाचा, पण ज्योत लागली की तो पेटायचा. अमोनिया असा पेटत नाही. वुर्ट्झ यांनी खोलात जाऊन पाहिलं आणि अमाइन या नव्या संयुगांचा शोध लागला. 1853 मध्ये ते पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत प्राध्यापक झाले. बारावीच्या पुस्तकातली अभिक्रिया आली ती 1855 मध्ये.

मधली रिकामी जागा आणि ग्लायकॉल

आता मुख्य गोष्ट. साध्या अल्कोहोलच्या रेणूत एक हायड्रॉक्सिल गट असतो. ग्लिसरीनमध्ये तसे तीन असतात, हे तोवर वुर्ट्झ यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचा हिशेब सरळ होता. एक गट असलेला पदार्थ आहे, तीन गट असलेला आहे, तर दोन गट असलेलाही असलाच पाहिजे.

तो कुणी पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी तो बनवायला घेतला. इथिलीनपासून केलेलं आयोडीनचं संयुग आणि सिल्व्हर अॅसिटेट यांची अभिक्रिया घडवली आणि जे मिळालं ते अल्कलीनं फोडलं. 1856 मध्ये त्यांच्या हाती रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड असा द्रव आला. ग्लिसरीन आणि अल्कोहोल या दोन नावांचे तुकडे जोडून त्यांनी त्याचं नाव ठेवलं ग्लायकॉल. आज आपण त्याला इथिलीन ग्लायकॉल म्हणतो.

1859 मध्ये त्यांनी त्याच वाटेनं त्याचा भाऊबंद तयार केला, प्रॉपिलीन ग्लायकॉल. दोघांत फरक एवढाच की दुसऱ्याच्या रेणूत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन जास्त. कागदावर अगदी किरकोळ वाटणारा हा फरक पुढे किती महत्त्वाचा ठरला, ते पुढे येईलच.

वुर्ट्झ यांच्या हयातीत या द्रवांना बाजारात फारशी किंमत नव्हती. त्यांनी ते बनवले ते रेणूची रचना समजून घेण्यासाठी. अणू खरोखर असतात की ती फक्त हिशेबाची सोय आहे, यावर तेव्हा फ्रान्समध्ये मोठा वाद होता. बर्थेलोसारखे दिग्गज अणूंच्या विरोधात होते, वुर्ट्झ बाजूनं. ग्लायकॉल हा त्यांच्या हातातला पुरावा होता.

मास्तर म्हणूनही मोठे

1866 मध्ये वुर्ट्झ वैद्यकीय विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. चांगल्या प्रयोगशाळांशिवाय देश मागे पडेल, हे त्यांनी सरकारला पटवायचा प्रयत्न केला. जर्मन विद्यापीठांच्या प्रयोगशाळा पाहून त्यावर 1870 मध्ये अहवालही छापला.

याच काळात मुलींना वैद्यकीय शिक्षणाचं दार उघडावं की नाही, हा प्रश्न आला. अधिष्ठाता वुर्ट्झ मुलींच्या बाजूनं उभे राहिले. माडलेन ब्रेस यांना 1868 मध्ये प्रवेश मिळाला. आपल्या प्रबंधाचं काम त्यांनी वुर्ट्झ यांच्याच प्रयोगशाळेत केलं आणि 1875 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. डॉक्टर होणारी ती पहिली फ्रेंच स्त्री.

त्यांच्या शिष्यांची यादी तर बारावीच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच वाटावी. फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रियेतले फ्रीडेल आणि क्राफ्ट्स हे दोघेही वुर्ट्झ यांच्याकडे शिकलेले. व्हान्ट हॉफही तरुणपणी त्यांच्या प्रयोगशाळेत होते. हेच व्हान्ट हॉफ 1901 मध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. द्रावणाचा गोठणबिंदू किती घसरला, हे काढायच्या गणितात त्यांच्याच नावाचा घटक येतो आणि त्या धड्यातल्या उदाहरणात पाण्यात मिसळायला बऱ्याचदा घेतात ते इथिलीन ग्लायकॉल. गुरूचं रसायन, शिष्याचं गणित.

1881 मध्ये वुर्ट्झ यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ले पदक मिळालं, त्याच वर्षी ते फ्रान्सचे तहहयात सिनेटरही झाले. मे 1884 मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं, तेव्हा वय 66 होतं. पाच वर्षांनी आयफेल टॉवर उभा राहिला. त्यावर फ्रान्सच्या 72 शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावं कोरली आहेत, त्यात वुर्ट्झ यांचंही आहे.

मग हे रसायन गाडीत कसं आलं?

मोटारी आल्या आणि इंजिन थंड ठेवायला त्यात पाणी खेळवलं जाऊ लागलं. थंड देशांत ते रात्रीत गोठून इंजिन फुटायचं. सुरुवातीला लोक त्यात अल्कोहोल घालत, पण ते उडून जायचं. 1920 च्या दशकात अमेरिकेत इथिलीन ग्लायकॉल वापरात आलं. पाणी गोठताना त्याचे रेणू शिस्तीत रांगा लावून बर्फाचा स्फटिक बनवतात. मधे ग्लायकॉलचे रेणू घुसले की ही रांग लागत नाही. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल घेतलं, तर ते मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. शिवाय ते साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं, म्हणून वाशिमच्या उन्हातही कूलंट कामाचं.

पण कॅम्पर व्हॅनच्या नळाचं पाणी लोक पितात. तिथे इथिलीन ग्लायकॉल चालत नाही. ते पोटात गेलं की यकृतात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं, त्याचे कॅल्शियमसोबत खडे होतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. शंभरएक मिलिलिटरही मोठ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. त्यात चव गोड, म्हणून लहान मुलं आणि जनावरांना धोका जास्त. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं मात्र शरीरात लॅक्टिक आम्ल होतं आणि ते शरीर पचवू शकतं. खाद्यपदार्थांत आणि औषधांत ते ठरलेल्या प्रमाणात वापरायला परवानगी आहे. एका कार्बनचा फरक तो हाच.

म्हणून व्हॅन थंडीत उभी करण्याआधी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, सहसा गुलाबी रंगाचं, द्रावण वापरतात. आधी गिझर बंद करून थंड होऊ देतात, मग टाकी, गिझर आणि पाइप पूर्ण रिकामे करतात. गिझरला वळसा देणारी तोटी फिरवतात, नाहीतर सगळं द्रावण त्याच्या टाकीतच जातं. मग पंपाची ओढनळी द्रावणाच्या कॅनमध्ये सोडून पंप चालू करतात आणि एकेक नळ उघडतात. गार आणि गरम दोन्ही बाजूंनी गुलाबी धार आली की तो नळ बंद. शॉवर आणि फ्लशही विसरायचा नाही. शेवटी सिंकखालच्या वाकड्या पाइपातही थोडं द्रावण ओततात. थंडी सरली की सगळं स्वच्छ पाण्यानं भरपूर धुऊन काढायचं, मगच ते पाणी प्यायचं.

नावातल्या साधर्म्यानं घेतलेले बळी

ही दक्षता फक्त गाडीवाल्यांसाठी नाही. इथिलीन ग्लायकॉलचे दोन रेणू जोडले की डायइथिलीन ग्लायकॉल बनतं, तेही विषारी. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये हेच भेसळ झालेलं होतं आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या भागात खोकल्याच्या औषधात तेच सापडलं. 20 हून अधिक बालकं गेली, त्यातल्या अनेकांवर आपल्या विदर्भात, नागपूरला उपचार सुरू होते.

असले पदार्थ दिसायला सारखे, चवीला गोड आणि नावं मिळतीजुळती. डोळ्यांना किंवा जिभेला त्यांच्यातला फरक कळत नाही, तो फक्त तपासणीत कळतो. म्हणून औषधाच्या कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासणं गरजेचं असतं. तुमच्याआमच्या हातात आहे ते एवढंच, की कूलंटचा कॅन मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये, त्यातलं उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरू नये आणि पिण्याच्या पाण्याच्या पाइपात काही घालण्याआधी लेबलवर प्रॉपिलीन लिहिलंय की इथिलीन, हे नीट वाचावं.