सूत्रवाले गाडगीळ

गाडगीळ म्हटले की आपल्या घरांतून काकासाहेब आठवतात, नाहीतर कथाकार गंगाधर गाडगीळ. आम्हां राज्य सरकारच्या नोकरांना मात्र तिसरे गाडगीळ आधी आठवतात. ते म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ, 'गाडगीळ सूत्रा'चे जनक.

धनंजयरावांचा जन्म १९०१ साली नाशिकचा. केंब्रिजला शिकून आल्यावर ते सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य झाले. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे संचालकपद त्यांनी छत्तीस वर्षे सांभाळले. पण ते पुस्तकांतच रमले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने त्यांनी प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला.

देशाने १९५४ मध्ये समाजवादी समाजरचनेचे ध्येय स्वीकारले होते. मागे पडलेले प्रांत पुढे आणणे हे त्यामुळे केंद्राचे कर्तव्यच ठरले. परंतु मदत योजनेगणिक मिळे. ज्याला स्वतःचा हिस्सा घालण्याची ऐपत आणि दिल्लीत वजन, त्याचे काम आधी होई. १९६७ मध्ये धनंजयराव नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि १९६९ मध्ये वाटपाचा नियम ठरला. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीरची गरज आधी भागवायची. उरलेल्यातले ६० टक्के लोकसंख्येप्रमाणे द्यायचे. मग कमी दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के.

कमी उत्पन्नाचे ते १० टक्के देशाच्या सरासरीखालील राज्यांनाच होते. म्हणजे त्यांतला एक पैसाही महाराष्ट्राला मिळणार नव्हता. आपल्या मध्य प्रदेशाला मिळणार होता. मराठी माणसाने हा हिशेब मांडताना आपले-परके पाहिले नाही.

सूत्रात उणिवा होत्याच. गरीब राज्यांना १० टक्के अपुरे वाटले, १९८० मध्ये ते २० करावे लागले. शिवाय हिशेब राज्याच्या सीमेपर्यंतच होता. इंदूर आणि झाबुआ यांच्यातले अंतर त्यात कुठेच दिसत नव्हते. ते काम राज्यांचे होते आणि ते आजही पुरे झालेले नाही, हे आम्ही फायली हाताळताना रोज पाहतो.

१९७१ च्या मे महिन्यात पद सोडून दिल्लीहून परतताना प्रवासातच त्यांचे निधन झाले. नियोजन आयोगही आता राहिला नाही. पण मागणाऱ्याचे वजन न पाहता गरज पाहून वाटावे, ही त्यांची शिकवण आपल्या मंडळाच्या जमाखर्चापासून राज्याच्या तिजोरीपर्यंत सगळीकडे उपयोगी आहे. या गणेशोत्सवात त्यांना आमचे विनम्र अभिवादन.