राजर्षी शाहू छत्रपती आणि विद्येचे दार

ज्ञातीच्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देण्याचा परिपाठ जुना आहे. त्या प्रसंगी एक प्रश्न आमच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. परीक्षेतील गुण हे केवळ बुद्धीचे फळ, की घरचा दिवा, वेळेवरचे अन्न आणि अभ्यासाचा कोपरा यांचाही त्यात वाटा असतो? हा प्रश्न ज्यांनी राज्यकारभारात घेतला, त्या शाहू छत्रपतींचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी महाराजांचा जन्म झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट येथे व पुढे धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या वेळी दरबारच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या. शाळा कोणास बंद होती असे नव्हे. कोल्हापुरात राजाराम कॉलेजही होते. पण खेड्यातल्या कुणब्याच्या मुलाने शहरात राहावे कोठे आणि जेवावे कोठे? सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून महाराजांनी आधी पाहिले. त्याचा लाभ व्यवहारात पुढारलेल्यांनाच झाला. दार उघडे ठेवले म्हणजे सगळे सारख्याच वेळी आत येतात, हा भ्रम त्या अनुभवाने फिटला असावा, असे आम्हांस वाटते. १९०१ साली मराठा व जैन बोर्डिंगे निघाली, १९०६ साली मुसलमानांचे, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह; लिंगायत, शिंपी, दैवज्ञ यांचीही उभी राहिली.

महाराज विलायतेत असतानाच २६ जुलै १९०२ रोजी हुकूम प्रसिद्ध झाला: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या मागासलेल्या वर्गांतील शिकलेल्यांस द्याव्यात. लायकीचा बळी दिला, अशी ओरड झाली. परंतु आधीच्या साठ जागा निव्वळ लायकीने भरल्या होत्या काय, हे विचारावयास टीकाकार विसरले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. गरिबास तो जड होता, हे आम्ही नाकारीत नाही. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांस एकत्र बसविण्याचा हुकूम निघाला.

जातवार बोर्डिंगांनी जात घट्ट केली, हा आक्षेप मात्र आम्ही, ज्ञातिसंस्थेचे लोक, सहज झटकू शकत नाही. महाराजांनी ती पायरी म्हणून बांधली. तीवरच बिछाना घालणारे आपण आहोत. वर्गणीवर चालणाऱ्या किती वसतिगृहांत परजातीचा गरीब मुलगा आपण ठेवून घेतो?

६ मे १९२२ रोजी मुंबईस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, महाराजांचे देहावसान झाले.